व्हिव्हियन बोस : आपल्या जुन्या हायकोर्टातले न्यायमूर्ती

पांढुर्णा-सौंसरकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात कोर्टकचेरीचा विषय निघाला की अजूनही नागपूर हायकोर्टाचे नाव येते. नव्या मुलांना याचे नवल वाटते, कारण त्यांनी हायकोर्ट म्हणून फक्त जबलपूरच ऐकलेले असते. पण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्याचे, म्हणजे आपल्या सौंसर तहसिलीचेही, हायकोर्ट नागपूरलाच होते. सकाळची गाडी पकडायची, पेशी आटोपायची आणि रात्री घरी परतायचे. राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि आपल्या अपिलांचा रस्ता दक्षिणेऐवजी उत्तरेकडे वळला. भाषा घरात राहिली, न्यायालय मात्र दूर गेले.

त्या जुन्या हायकोर्टाने देशाला दिलेले एक मोठे नाव म्हणजे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. बोस मराठी नव्हते. घराणे बंगाली, धर्म ख्रिस्ती, शिक्षण विलायती. तरी त्यांची उमेद नागपुरात गेली, त्यांच्यापुढे आलेली माणसे आपल्याच मुलखातली होती, आणि पोलीस दारात आल्यावर साध्या माणसाचा काय हक्क आहे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येत राहिला. मंडळाच्या वाचकांना त्यांची ओळख असावी म्हणून हा लेख.

बोस यांचा जन्म 9 जून 1891 रोजी अहमदाबादला झाला. त्यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे नागपुरातले नामांकित वकील. नागपूर विद्यापीठ 1923 साली सुरू झाले तेव्हा पहिले कुलगुरू तेच होते. अशा घरातल्या नातवाने विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे हे जवळजवळ ठरलेलेच असे. व्हिव्हियन लंडनच्या डलिच कॉलेजात आणि पुढे केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात शिकले, 1913 साली मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले आणि नागपूरला येऊन वकिली करू लागले. 1924 ते 1930 या काळात ते नागपूरच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यानंतर ते मध्य प्रांत सरकारचे वकील झाले. म्हणजे पुढे सरकारला खडे बोल सुनावणारा हा माणूस आधी काही वर्षे सरकारचीच बाजू मांडत होता. हे मला महत्त्वाचे वाटते. पोलिसांची डायरी कशी लिहिली जाते, जप्तीचा कागद कसा तयार होतो आणि सरकारी वकिलाच्या हातात तो कोणत्या अवस्थेत येतो, हे त्यांनी आतून पाहिले होते.

नागपूरला तेव्हा हायकोर्ट नव्हते, ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. 9 जानेवारी 1936 रोजी हायकोर्ट सुरू झाले. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले आणि पहिल्या न्यायमूर्तींमध्ये बोस होते. तिथे त्यांनी पंधरा वर्षे काढली. 1949 मध्ये ते मुख्य न्यायमूर्ती झाले आणि 5 मार्च 1951 रोजी दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले.

नागपूरच्या त्या वर्षांतला खरा कसोटीचा काळ म्हणजे दुसरे महायुद्ध. 1939 च्या भारत संरक्षण कायद्याखाली सरकारने नियमांचे एक जाडजूड पुस्तक काढले होते. त्यातल्या नियम 26 खाली सरकार कुणालाही खटल्याशिवाय स्थानबद्ध करू शकत होते. नियम 129 खाली तर साधा पोलीस अधिकारीसुद्धा, युद्धकार्याला किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला बाधक वागल्याचा वाजवी संशय असला, तर कुणालाही वॉरंटशिवाय पकडू शकत होता. 1942 च्या ऑगस्टनंतर या नियमांचा पाऊस पडला. चिमूर आणि आष्टीला जे घडले ते आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आष्टी तर आपल्यापासून फार लांबही नाही. कुणाच्या घरी पत्रके सापडतील, कुणाच्या माळ्यावर कोण लपला असेल, या संशयाने रात्री-अपरात्री दारे वाजत.

या काळातला एक खटला नागपूरच्या हायकोर्टात उभा राहिला आणि थेट लंडनपर्यंत गेला. त्यातली माणसे मराठी वाचकांच्या ओळखीची आहेत. बंधनांच्या पलीकडे ही गाजलेली कादंबरी लिहिणारे पुरुषोत्तम यशवंत देशपांडे, म्हणजे पु. य. देशपांडे, यांना नियम 129 खाली पकडण्यात आले. पुढे 1962 साली अनामिकाची चिंतनिका या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेच हे देशपांडे. त्यांच्या पत्नी विमलाबाई स्वतः राजकीय कार्यकर्त्या होत्या. त्या गप्प बसल्या नाहीत. पतीला बेकायदा कोंडून ठेवले आहे, त्यांना सोडावे, असा अर्ज त्यांनी हायकोर्टात केला.

सरकारची बाजू वरवर पाहता भक्कम होती. तीनच वर्षांपूर्वी, 1941 मध्ये, इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लिव्हरसिज यांच्या खटल्यात निकाल दिला होता की, युद्धकाळात गृहमंत्र्याला एखाद्याविषयी वाजवी कारण आहे असे वाटले की पुरे, ते कारण खरोखर वाजवी होते की नाही हे न्यायालयाने तपासायचे नाही. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोधी मत दिले होते आणि त्यापायी सहकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली होती. आता विलायतेतच असे ठरले म्हटल्यावर नागपूरच्या न्यायालयाने वेगळे काय म्हणायचे?

नागपूरच्या न्यायालयाने वेगळेच म्हटले. मंत्र्याचे मत ही एक गोष्ट झाली, पण नियम 129 खाली पकडणारा पोलीस अधिकारी असतो. नियमात वाजवी संशय हा शब्द आहे, तेव्हा संशय वाजवी होता हे न्यायालयाला पटवून देण्याची जबाबदारी त्या अधिकाऱ्याची आहे. पकडलेल्या माणसाने आपले निर्दोषपण सिद्ध करायचे नाही. आणि मुळात अटकच कायद्यात बसत नसेल, तर तिच्यावर सरकारने नंतर काढलेल्या हुकुमाचा इमला उभा राहू शकत नाही. देशपांडे यांची सुटका करण्याचा आदेश झाला. सरकारला हे झोंबले आणि प्रकरण प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले. 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही सरकारचे अपील फेटाळले. संशय वाजवी होता हे दाखवण्याचा भार पोलिसांवरच आहे, ही गोष्ट तिथे पक्की झाली. आजही अटकेसंबंधीच्या वादांत विमलाबाई देशपांडे हे नाव वकील घेतात. त्यातल्या अनेकांना त्या कोण होत्या हे ठाऊक नसते.

बोस तेव्हा त्या न्यायालयात आठ-नऊ वर्षे मुरलेले न्यायमूर्ती होते. सत्तेच्या दाव्याला कागद मागायचा, नुसत्या शिक्क्यावर समाधान मानायचे नाही, ही त्या न्यायालयाची शिस्त होती आणि तीच शिस्त ते पुढे दिल्लीला घेऊन गेले.

मधल्या काळात देशाची घटना तयार झाली. तिथे झडतीच्या बाबतीत एक घटना घडली आणि तिचा नायकही आपल्याच जुन्या प्रांतातला होता. 3 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीप्रमाणे आपल्याकडेही लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण मिळावे, आणि कारण असल्याखेरीज वॉरंट निघू नये, हे मूलभूत हक्कांत लिहावे, अशी त्यांची मागणी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखवली. हे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण तो साधा कायदा आहे आणि उद्याचे विधिमंडळ तो बदलू शकते, म्हणून घटनेत असलेले बरे, असा त्यांचा विचार होता. मग मतदानात गोंधळ झाला. आवाजी मतावरून वाद झाला, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी विषय पुढे ढकलण्याची सूचना केली, तो पुढे ढकलला गेला आणि अखेर दुरुस्ती नामंजूर झाली. मसुदा समितीच्या अध्यक्षांना मान्य असलेले कलम असे हातातून निसटले.

घटनेत मग उरले काय? कलम 20 च्या तिसऱ्या पोटकलमात आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, हे आले. कलम 21 मध्ये कायद्याने ठरवलेल्या रीतीखेरीज जीवित आणि स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, हे आले. कलम 22 मध्ये अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे बंधन आले. घराच्या झडतीविषयी घटनेत वेगळा शब्द नाही. तो विषय 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेवरच राहिला. तीत कलम 96 खाली न्यायालयाचे झडती वॉरंट होते. कलम 165 खाली तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येई, पण कशासाठी आणि का, हे आधी लिहून ठेवून आणि त्याची नक्कल मॅजिस्ट्रेटकडे पाठवूनच. कलम 103 प्रमाणे त्या वस्तीतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर पाहिजेत, घरच्या माणसाला झडतीच्या वेळी थांबू दिले पाहिजे, आणि नेलेल्या वस्तूंच्या यादीची नक्कल त्याला दिली पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच आणि सभ्यता पाळूनच घ्यायची. आपल्याकडे पंचनामा हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्या मागे घरमालकाचे संरक्षण आहे हे विसरायला होते. पंच हे पोलिसांच्या सोयीसाठी नसतात, घरच्यांच्या बाजूने डोळे उघडे ठेवण्यासाठी असतात. ठाण्यातल्या नेहमीच्याच दोन माणसांच्या सह्या घेण्याची रीत कशी पडली, हा वेगळा विषय आहे.

बोस सर्वोच्च न्यायालयात रुजू झाल्याला महिना झाला नाही तोच राम सिंग यांचे प्रकरण आले. दिल्लीत हिंदू महासभेच्या पदाधिकाऱ्यांना भाषणांवरून स्थानबद्ध केले होते. तुम्ही अमुक तारखांना प्रक्षोभक भाषणे केलीत एवढेच त्यांना कळवले होते, भाषणात काय बोललात हे सांगितले नव्हते. बहुमताने स्थानबद्धता कायम राहिली. मेहरचंद महाजन आणि बोस या दोघांनी विरोधी मत नोंदवले. ज्याला आपण काय बोललो हेच सांगितले नाही, तो आपली बाजू मांडणार कशी, एवढा साधा मुद्दा होता. पुढच्या महिन्यात एस. कृष्णन यांच्या प्रकरणात बोस यांनी पुन्हा विरोधी मत लिहिले. कायद्याच्या शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा अर्थ घ्यावा, आणि घटनेकडे केवळ शब्दांचा ढीग म्हणून न पाहता आपल्याला कसले राज्य व्हायचे आहे ते तीत शोधावे, असा त्या मताचा गाभा. त्यांचे इंग्रजी साधे होते. वकिली क्लिष्टतेचा त्यांना कंटाळा होता आणि तो ते लपवीत नसत.

जानेवारी 1952 मध्ये अन्वर अली सरकार खटल्याचा निकाल लागला. दमदमच्या जेसॉप कारखान्यावरील हल्ल्याचे आरोपी पश्चिम बंगालच्या विशेष न्यायालयापुढे उभे केले होते आणि कोणता खटला तिथे पाठवायचा हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होते. न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. बोस यांनी वेगळे निकालपत्र लिहिले. समानतेच्या कलमाचे वर्गीकरणाचे सूत्र करून त्यात अडकू नये, आपल्या शेजाऱ्याला मिळणारी सुनावणी आपल्याला मिळत नाही असे समंजस माणसाला वाटेल काय, ते पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी गोंदियाच्या एका खुनाच्या खटल्यात बोस यांनी दिलेला निकाल आजही रोज वापरला जातो. एका लहान मुलाचा खून झाला होता. लोकांचा संताप साहजिक होता. एका आरोपीने कबुलीजबाब दिला आणि त्यात दुसऱ्याला गोवले. खालच्या न्यायालयांनी दुसऱ्यालाही खुनाचा दोषी धरले. बोस यांनी सांगितले की, सहआरोपीचा कबुलीजबाब हा शिक्षेचा पाया होऊ शकत नाही. आधी बाकीचा पुरावा त्या कबुलीशिवाय तोलायचा, तो पुरेसा वाटला तर मनाची खात्री पक्की करण्यापुरती कबुली पाहायची. खुनाची शिक्षा त्यांनी रद्द केली. असा निकाल देणे सोपे नसते, मेलेले मूल डोळ्यांपुढे असते.

आता झडतीच्या त्या मोठ्या खटल्याकडे येऊ. दालमिया-जैन एअरवेज या कंपनीच्या कारभारात मोठे घोटाळे झाल्याच्या संशयावरून नोव्हेंबर 1953 मध्ये फिर्याद नोंदवली गेली. दिल्लीच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटकडून वॉरंटे घेऊन पोलिसांनी एकाच वेळी 34 ठिकाणी झडत्या घेतल्या आणि ढिगांनी कागद उचलून नेले. एम. पी. शर्मा आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आमच्याच कपाटातले कागद आमच्याविरुद्ध वापरणे म्हणजे आम्हाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणेच आहे, आणि मालमत्तेच्या हक्कावरही हा घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आठ न्यायमूर्ती बसले. सरन्यायाधीश मेहरचंद महाजन होते आणि बाकीच्या सात जणांत बोस होते. राम सिंग प्रकरणात एकत्र विरोध करणारे दोघेही इथे होते.

15 मार्च 1954 रोजी आठही जणांच्या वतीने न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी निकाल दिला. झडती ही पोलिसांची कृती आहे, आरोपीची नव्हे. आरोपी तिथे काही बोलत नाही, काही करत नाही, म्हणून कलम 20 चा भंग होत नाही. इथपर्यंत तर्क पटण्यासारखा आहे. वॉरंट न्यायालयाने दिले होते, गुन्हा गंभीर होता आणि झडतीच नको म्हटले तर एकही अफरातफर उघड होणार नाही. पण निकालात आणखी एक गोष्ट आली. अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा खासगीपणाचा मूलभूत हक्क आपल्या घटनाकारांनी घातलेला नाही, तेव्हा तो ओढूनताणून आणायचे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले. करीमुद्दीन यांची दुरुस्ती आणि आंबेडकरांचा होकार यांचा तिथे विचार झाला नाही.

बोस यांनी वेगळे मत लिहिले नाही. स्वातंत्र्यासाठी एकट्याने विरोधी मत लिहिणारा न्यायमूर्ती इथे गप्प का राहिला, असा प्रश्न मनात येतोच. खटल्याच्या निकालाशी ते सहमत असणार हे उघड आहे. पण खासगीपणावरचे ते वाक्य निकालासाठी गरजेचे नव्हते, आणि त्याने पुढे साठ वर्षांहून अधिक काळ लोकांची अडवणूक केली. दोन ओळींची वेगळी नोंद बोस यांच्या हातून झाली असती तर बरे झाले असते असे मला वाटते. मोठ्या माणसाच्या चरित्रात हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी वीरेंद्र सिंग प्रकरणात त्यांनी लिहिलेला निकाल मात्र अगदी वेगळ्या स्वराचा आहे. बुंदेलखंडातल्या चरखारी आणि सरीला संस्थानांच्या राजांनी दिलेल्या जमिनी उत्तर प्रदेश सरकारने 1952 मध्ये आपल्या अधिकारात काढून घेतल्या. संस्थाने विलीन झाली, जुन्या राजांच्या देणग्या मानायच्या की नाही ही आमची मर्जी, असा सरकारचा पवित्रा होता. बोस यांनी सांगितले की घटना अमलात आली त्या क्षणी राजे आणि प्रजा हा भेदच पुसला गेला, सगळे एकाच देशाचे नागरिक झाले. सरकार आपल्याच नागरिकाविरुद्ध विजेत्याच्या थाटात वागू शकत नाही. कायद्यावाचून कुणाचे घरदार, शेत घेता येणार नाही. भोसल्यांच्या आणि गोंड राजांच्या सनदा सांभाळून ठेवणाऱ्या आपल्या भागातल्या घराण्यांना हा निकाल वाचताना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

जून 1956 मध्ये बोस निवृत्त झाले. पाच महिन्यांच्या आत त्यांचे नागपूर हायकोर्टही त्या रूपात संपले. पण सरकारने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. 1957-58 मध्ये त्यांना पुन्हा सर्वोच्च न्यायालयात बोलावले. मग मुंदडा प्रकरण आले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले होते. छागला आयोगाच्या चौकशीनंतर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. (झडतीची दुरुस्ती पुढे ढकलायला लावणारे तेच हे गृहस्थ.) त्यानंतर अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी बोस यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले. त्या मंडळाच्या अहवालात शेअर खरेदीचा संबंध काँग्रेसला मिळालेल्या निधीशी असू शकतो असे सूचित झाले. पंतप्रधान नेहरू संतापले. 1959 च्या जूनमध्ये पत्रकारांशी बोलताना त्यांनी असे लिहिणाऱ्याच्या बुद्धीविषयीच शंका काढली. कलकत्त्याच्या वकिलांनी याचा जाहीर निषेध केला. नेहरूंना चूक उमगली आणि त्यांनी बोस यांची माफी मागितली. आजच्या दिवसांत या प्रसंगातल्या दोन्ही गोष्टी, वकिलांचा निषेध आणि पंतप्रधानांची माफी, थोड्या परक्या वाटतात.

दालमिया-जैन कंपन्यांच्या कारभाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडे आले. ज्या उद्योगसमूहाच्या कार्यालयांतल्या झडत्यांवर ते 1954 मध्ये न्यायासनावर बसले होते, त्याच समूहाचे हिशेब आता त्यांच्या टेबलावर आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तपशीलवार अहवाल दिला. याच सुमारास, 1959 पासून 1966 पर्यंत, ते जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाचे अध्यक्ष होते.

न्यायालयाबाहेर त्यांना ओळखणारे लोक त्यांना स्काउटवाले बोस म्हणून ओळखत. ते देशातल्या बॉय स्काउट संघटनेचे मुख्य आयुक्त होते, आणि न्यायमूर्तीचा झगा उतरवून अर्ध्या विजारीत तंबू ठोकणे त्यांना मनापासून आवडे. पत्नी आयरीन अमेरिकन. वायएमसीएचे जगप्रसिद्ध नेते आणि 1946 च्या शांतता नोबेलचे मानकरी जॉन मॉट यांची ती मुलगी. आयरीनबाईंनी मंडला जिल्ह्यातल्या गोंड वस्तीत, चिराईडोंगरीला, गावकऱ्यांच्या आरोग्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. सातपुड्याच्या त्या रानाशी नवरा-बायकोचे नाते घट्ट होते. बोस 1983 मध्ये, वयाच्या ब्याण्णवव्या वर्षी, गेले.

त्यांच्या निवृत्तीनंतर झडतीचा कायदा थोडा थोडा सरकत राहिला. तंबाखूच्या तपासणीसाठी आलेल्या अबकारी अधिकाऱ्याने कारणे लिहून न ठेवता घरात शिरण्याचा प्रयत्न केला आणि घरमालकाने त्याला अडवले, अशा राजस्थानच्या एका प्रकरणात 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरमालकाला दोषी धरले नाही. कारणे लिहिणे ही केवळ औपचारिकता नाही, असे त्यात ठरले. 1962 मध्ये खरक सिंग खटल्यात संशयिताच्या घरी रात्री जाऊन दार ठोठावण्याची पोलिसांची रीत रद्द झाली. आपल्या मध्य प्रदेशातले गोविंद यांचे प्रकरण 1975 चे. मध्य प्रदेश पोलिसांच्या पाळत ठेवण्याच्या नियमांना त्यात न्यायालयाने हात लावला नाही, पण अशा घरभेटी ज्याच्यापासून समाजाला खरा धोका आहे त्याच्यापुरत्याच राहाव्यात असे बजावले. दुसरीकडे, झडतीत काही नियम चुकले म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, हेही न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. त्यामुळे पंचनाम्यावर घाईने सही करण्याआधी तो वाचून घेणे आणि यादीची नक्कल मागून घेणे याला पर्याय नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला आणि एम. पी. शर्मा निकालातला उलट भाग रद्द केला. करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची हकीकत तेव्हा निकालपत्रात सविस्तर आली. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुने कलम 165 आता 185 झाले, पंचांचे कलम 103 जुन्या आकड्यावरच परत आले, आणि कलम 105 प्रमाणे झडती व जप्तीचे ध्वनी-चित्रमुद्रण करून ते मॅजिस्ट्रेटकडे पाठवणे बंधनकारक झाले. पांढुर्णा जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.